माळ्यावरची रेकॉर्ड

बायकोची, हेमाची, रेकॉर्ड रद्दीवाल्याला मीच दिली. धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान हलवताना ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होती आणि मला आवराआवरीचा झटका आला होता. प्लेयर तेवढा ठेवला, लाकडी पेटी हॉलमध्ये शोभते म्हणून. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं रेकॉर्ड मागितली. नाट्यगीतांची एलपी, शाळेत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेली. मी म्हणालो, "माळ्यावर आहे. काढतो."

हे तीन वर्षं चाललं. कधी शिडी नव्हती, कधी माझी कंबर धरलेली. नातीनं, वल्लरीनं, तीच गाणी मोबाईलवर लावून दिली. हेमा म्हणाली, छान आहे, पण माझ्या रेकॉर्डची खरखर यात नाही. दिसणं संपलेल्या बाईला ऐकणंच काय ते उरलेलं, आणि मी नेमकं तेच रद्दीत घातलं होतं. माझी मलाच लाज वाटायची, पण खरं सांगायची हिंमत नव्हती.

मागच्या रविवारी वल्लरीच्या वाढदिवसाला बिबवेवाडीतल्या एका कॅफेत गेलो; हेमा घरीच थांबली होती. भिंतीवर शोभेला जुन्या रेकॉर्डी ठोकलेल्या. एकीच्या लेबलवर निळ्या शाईत हेमाची सही होती. मालक भला माणूस, लगेच काढून दिली. चार स्क्रू होते, गाण्यांमधून आरपार.

तरी घरी आणली. निदान हातात तरी द्यावी, एवढंच डोक्यात होतं.

"सापडली," मी म्हणालो.

हेमा हसली. तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती. रेकॉर्ड मांडीवर घेऊन तिनं कडेकडेनं बोट फिरवलं, मग आत आणलं. बोट एका भोकापाशी थांबलं. मग तिनं उरलेली तीनही शोधून काढली.

"चार भोकं, अगदी मापात," ती म्हणाली. "माळ्यावरचे उंदीर हुशार आहेत."

मी सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि रेकॉर्ड लावायला सांगितली. खरखर आली, अर्धी ओळ आली, आणि सुई उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडाली. मी प्लेयर बंद केला.

"या घराला माळाच नाही, हे वल्लरीनं मला कधीच सांगितलंय," हेमा म्हणाली. "पण तुम्ही काढतो म्हणायचात, तेवढ्यावर माझा दिवस जायचा. आता मी काय मागू?"