देवापुढची गोळी

शनिवारी सकाळी अण्णांच्या नाकातून रक्ताचा थेंब पेपरवर पडला, तो नेमका शब्दकोड्याच्या चौकोनात. "चला, एक घर भरलं," म्हणून ते हसले. मी नाही हसले. गुरुवारीही असंच झालं होतं, पण तेव्हा दोन मिनिटांत थांबलं. या वेळी थांबेना.

अण्णा म्हणजे माझे यजमान. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची सगळी बिल्डिंग त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, ही गोळी चुकता कामा नये." आजी म्हटल्याचा राग आला, पण बाकीचं मनात घट्ट बसलं.

पहिल्याच महिन्यात अण्णा एकदा गोळी विसरले. त्या दिवशी मी ठरवलं, यांच्यावर काही सोडायचं नाही. तेव्हापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की मी चांदीच्या वाटीत गोळी ठेवते, उदबत्ती ओवाळते, मग अण्णा हात पुढे करतात. आधी गोळी, वर पळीभर तीर्थ. माणूस डॉक्टरचं विसरतो, देवापुढचं विसरत नाही. चार वर्षांत एक खाडा नाही.

म्हणूनच मला काही कळेना. सगळं नियमानं चाललंय, मग हे काय? मी त्यांची मान मागे केली, कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर गार पाणी थापलं. रक्त घशात उतरून त्यांना ठसका लागला, पांढरा बनियन लाल झाला. मी पुरती घाबरले. त्यात एकच प्रश्न डोक्यात घोळायला लागला: आज संध्याकाळची गोळी द्यायची की नाही? दिली तर रक्त आणखी वाहणार. नाही दिली आणि त्या झडपेवर गुठळी धरली तर माणूसच जायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

डोंबिवलीला लेकीला, क्षिप्राला, फोन लावला. मला धड सांगताही येईना.

"आई, मान मागे नको गं, पुढे! मी निघतेच आहे. तू आधी त्यांना डॉक्टरकडे ने."

"पण गोळी?"

"ती संध्याकाळची संध्याकाळी बघू."

रिक्षावाल्यानं अण्णांचा अवतार बघून आधी सीटवर पेपर अंथरला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नाक-कान-घशाचा डॉक्टर जवळच आहे, सुश्रुत नावाचा. नाव एवढं थोर आणि मिशी अजून धड फुटलेली नाही. पण हात शांत होता. त्यानं अण्णांना ताठ बसवून थोडं पुढे वाकवलं, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत दाबून धरायला लावला आणि तोंडानं श्वास घ्यायला सांगितलं. "घशात येईल ते थुंका, गिळू नका. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मध्ये सोडून बघायचं नाही." रक्त किती पातळ झालंय ते तपासायला नमुना लॅबमध्ये पाठवला. मग माझ्याकडे वळला.

"नवीन काही सुरू केलंय का? दुखण्याची गोळी, काढा, खाण्यात बदल?"

मी सगळं सांगितलं. काढा नाही. पालेभाजी पूर्वी होती तेवढीच. गुडघ्याला तेल लावतात, तेही माझ्या देखत. बोलता बोलता अण्णांनी मोकळ्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन मिनिटं काय? पंधरा म्हणालेत ते. दाबून धरा गप्प!"

"रक्त पातळ करायची गोळी किती घेतात?" डॉक्टरनं विचारलं.

"एक. रोज. माझ्या हातची."

अण्णांची दोन बोटं पुन्हा वर.

"अहो, समजलं! पाणी नंतर देते."

"आजी, जरा थांबा," डॉक्टर म्हणाला. अण्णांसमोर खाली बसला. "काका, दोन गोळ्या?"

अण्णांनी मान डोलावली.

दुसरी कुठून आली? तेवढ्यात क्षिप्रा धापा टाकत आत शिरली, आणि डॉक्टरनं तिला या दुसऱ्या गोळीचं विचारलं.

"डबीतली ना? मी गेल्या रविवारी सात कप्प्यांची डबी भरून ठेवली. सगळ्या गोळ्या त्यात आहेत, रात्री जेवणानंतर घ्यायच्या. रोज फोन करून अण्णांना विचारते की मी. आई, तुला सांगितलेलं ना!"

सांगितलं असणार. त्या रविवारी मी वडे तळत होते. कढईवरूनच "हो, हो" म्हणाले असेन. मला वाटलं, डबीत त्या ताकदीच्या नि प्रेशरच्या गोळ्या. सहा दिवस हा माणूस सातला देवाकडची एक आणि नऊला लेकीकडची एक गिळत होता.

पंधरा मिनिटं झाली. रक्त थांबलं होतं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. आमच्या अण्णांचं लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर उघडलं.

"मला वाटलं, डॉक्टरांनी वाढवली असेल," ते म्हणाले. "तुम्ही दोघींनी वाटून घेतली असेल, एक हिनं द्यायची, एक तू."

"अहो, पण विचारायचं तरी!"

"मला कोण काय विचारतं, सरोज? ऑपरेशनची तारीखसुद्धा तुम्ही ठरवलीत. मला आदल्या दिवशी कळली." तक्रारीचा सूर नव्हता. पेपर आला का, असं विचारावं तसं म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

हा माणूस वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होता. त्यांची सही झाल्याशिवाय खोका दाराबाहेर जात नसे. आणि घरी मी तळहातावर ठेवीन ते डोळे मिटून गिळायचं, हे मीच त्यांना शिकवलं. मला त्या खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीचा आकडा तीनच्या आसपास हवा, तो सातच्या जवळ आला होता. डॉक्टरनं हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. दोन दिवस गोळी बंद, सोमवारी परत तपासणी, रक्त पुन्हा आलं तर सरळ हॉस्पिटल. सकाळपासून डोकं पोखरणारा माझा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. घरी येईपर्यंत क्षिप्रानं दोनदा विचारलं, आई, बरी आहेस ना?

सोमवारी आकडा खाली आला. त्याच संध्याकाळपासून गोळी परत सुरू.

देवाजवळ दिवा लावला. वाटी रिकामीच ठेवली आणि गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा शोधला. नाव वाचलं. ताकद वाचली. मुदत संपायची तारीख वाचली. पाकीट उलटं करून परत पहिल्यापासून. चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. उदबत्ती अर्धी जळली. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. मी पदर तोंडाशी धरून बसले.

शेवटी त्यांनी गोळी काढून तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघत एक बोट वर केलं.

"बरोबर?"

"तुम्ही बघितलंत ना," मी म्हणाले आणि तीर्थाची पळी उचलली.