महाराजांचं वीतभर झाड

"शेंडा खुडत जाय, जयवंता. खुडलं नाही तं झाड उंच जाते अन् फुलं उणी येतात."

सासूबाईंनी शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून हे सांगितलं, त्याला ब्याण्णव साली वीस वर्षं झाली होती. रोज देवाला घरचं फूल वाहायचं हा माझा नेम, म्हणून ते बोलणं कधी विसरले नाही. विसरले ती एकदाच, इचोड्याच्या गर्दीत.

त्याच सालचा मार्गशीर्ष होता. इचोडा गावाला, हमरस्त्यावरच्या ढाब्यामागे, चिंचेखाली माणसं एवढी दाटली होती की क्लीनर ट्रकच्या टपावर चढून बघत होते. मध्ये चौरंगावर मातीची उथळ थाळी. थाळीत वीतभर झाड, खोड म्हाताऱ्या माणसासारखं सुरकुतलेलं, आणि त्यावर बटणाएवढी पांढरी फुलं, मधे पिवळा डोळा.

"एक सौ आठ साल का पेड़ है," फूलवाले महाराज सांगत होते. "हमने कहा, रुक जा. रुक गया. बीमारी को भी बोल देंगे." आमच्याकडच्या आजारांनाही हिंदी येत असावी. पण तेव्हा मला हसू आलं नाही. मीही हात जोडले.

शेतापलीकडे वेगळ्या घरात राहणारी माझी धाकटी जाऊ राहीबाई शेजारी उभी होती. तिला क्षय झालेला. दिवाळीपासून दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. महाराजांनी तिलाही तसंच एक झाड दिलं. झाड वीतभर राहील तोवर आजार वाढणार नाही. पाणी घालायचं, पण हात लावायचा नाही. दर गुरुवारी थाळी आणायची, ते पडद्याआड नेऊन मंत्र घालणार.

महिन्याभरात खोकला थांबला. अंगावर मांस आलं. काम गोळ्यांनी केलं, नाव थाळीचं झालं. राहीनं गोळ्या सोडल्या. डॉक्टर रागावले, पण दोन्ही घरांत कुणी तिला अडवलं नाही. मीही नाही.

पावसाळ्यात महाराज चातुर्मासासाठी म्हणून कुठंतरी निघून गेले. झाडानं कोंब टाकले, हातभर झालं. नेमका त्याच सुमारास खोकला परतला. राही भिंतीला टेकून थाळीकडे बघत बसायची.

"जाऊबाई, वाढून राह्यलं ना ते," एवढंच म्हणाली.

माझा हात सवयीनं पुढे गेला आणि मी शेंडे खुडले. पाप झालं असं वाटून त्या दिवशी उपास धरला. पंधरा दिवसांत झाड खाली दाट फुटलं. मग मी खुडतच राहिले आणि ते वीतभरच राहिलं. खोकला मात्र वाढत गेला. कार्तिकात थाळी फुलांनी भरली, त्याच सकाळी राहीच्या पदराला रक्त लागलं.

त्या गुरुवारी महाराज परत आले. मी थाळी घेऊन गेले, सोबत शाळेतले सुधाकरराव गुरुजी होते. ही डेझी, शेवंतीच्याच कुळातली, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर मी झाड मातीतून उचललं. जुनी मुळं कात्रीनं सपाट कापलेली. सुरकुतलेलं खोड म्हणजे बोरीचं वाळकं लाकूड, त्याला खाच पाडून डेझीची बारीक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, वरून चिखल. पडद्याआडचा मंत्र म्हणजे कात्री आणि नख. देवापुढची माती आपल्याकडे कुणी उकरून बघत नाही, त्या सवयीवरच हे चाललं होतं.

"चार महिने हे मी खुडलं, महाराजांनी नाही," मी म्हणाले. "झाड वाढलं नाही. आजार वाढला."

महाराज हसले. "माताजी, वह शक्ति हमने ही आपके हाथ में रखी."

गर्दीतले म्हातारे डोमाजी आपली थाळी घेऊन माझ्यापुढे वाकले. "बाई, मंग माह्या नातीचं तुमीच खुडून द्या."

मागून आणखी थाळ्या आल्या. कुणी माझ्या पायाला हात लावला. माझा आवाज मुळातच लहान. गुरुजी घसा फोडून सांगत होते, त्यांचंही कुणी ऐकलं नाही.

मी देव मानते, मरेपर्यंत मानीन. म्हणूनच सांगते, देवाच्या नावानं कुणी काही दाखवलं तर ते उचलून खालून बघा. दाखवणारा नसताना तेच घडतं का, ते बघा. आणि दवाखान्याची गोळी डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका, बरं वाटलं तरी. एवढं विचारल्यानं देव रागावत नाही. मी वेळेवर विचारलं नाही.

डॉक्टरांनी राहीचं सगळं औषध पहिल्यापासून सुरू केलं, इंजेक्शनंही लावली. उशीर झाला, म्हणाले. राही गोळ्यांकडे बघेना.

"झाड तं तुमी नेमानं खुडलं," ती म्हणाली. "गोळी बी रोज तुमच्याच हातानं द्याल तं घेईन."

"देईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवाला फूल वाहिलं, देवाजवळ ठेवलेली गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि कापसाच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं राहीच्या घराकडे निघाले.