न हललेला काटा

कय्यूमने नळीवर तळहात ठेवला आणि चटका बसताच झटकन मागे घेतला. दाबमापकाचा काटा मात्र सकाळी सातला होता तिथंच होता.

"सहा तास झाले, जरासाही उतरला नाई," कारखान्याचा मालक जाहिद खुशीत म्हणाला.

अणुभट्टीच्या इमारतीत तारा न्यायच्या तर भिंतीला भोक पाडावंच लागतं. त्या भोकात बसणारी ही लोखंडी नळी. तिच्यातून हवा सुटता कामा नये, म्हणून दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. असलं नाजूक काम चंद्रपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कसं आलं, ते देव जाणे. जोड कय्यूमने मारले होते. त्याची नजर अधू झाली होती. आता एक जरी जोड गळाला तरी घरी बसा, असं जाहिदने बजावलं होतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं. कागदावर 'काटा उतरला का?' एवढंच विचारलं होतं.

कय्यूमने चटका बसलेल्या तळहाताकडे पाहिलं. मे महिन्यात सकाळी सायकलची ट्यूब कडक भरली तर दुपारी फुटते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग नळी एवढी तापूनही काटा वर का चढला नाही? गप्प बसलं तर काम टिकणार होतं. पण त्याच्या लेकीचा, सायमाचा नवरा रईस त्याच अणुभट्टीच्या इमारतीत रोज कामाला जात होता.

"साहेब, सही करू नोका." कय्यूम पुढे झाला. "उन्हानं काटा चढाले पाह्यजे होता. नाई चढला, म्हंजे हवा जाऊन राह्यली."

"कय्यूमभाऊ, काऊन उगाच?" जाहिद कुजबुजला.

साहेबांनी जोडांवर साबणाचं पाणी फिरवायला लावलं. तिसऱ्या जोडावर एक बुडबुडा हळूहळू फुगला. जाहिदने मान फिरवली. काम गेलं, पण नळी तरी थांबली, असं वाटून कय्यूमला जरा हलकं वाटलं.

साहेब वहीची मागची पानं उलटत होते.

"गेल्या आठवड्यात अकरा नळ्या अणुभट्टीकडे गेल्या. त्या कधी तपासल्या?"

"अशाच, साहेब. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत," जाहिद म्हणाला.

"आणि काटा?"

उत्तर कय्यूमने दिलं.

"चढला नव्हता, साहेब. एकीचाही नाई."