आई शेवटी काय म्हणाली

धाकट्यानं गाडी घ्यायची म्हटलं आणि मी हातातली फ्रेम काचेवर ठेवून म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे? ताई, मी विचारत नाहीये, सांगतोय."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. वय सत्तावीस, माझ्यापेक्षा वीतभर उंच, डोक्यावरचे केस मागे सरकायला लागलेत, तरी त्याचं नाव धाकटाच. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आमचं चष्म्याचं दुकान. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडदा ओढून केलेली तपासणीची अंधारी खोली, आणि त्या दोहोंच्या मधे जेमतेम एक टेबल मावेल एवढ्या जागेत भिंगं घासायचं मशीन. आईनं मांडलेलं दुकान तसंच चालू होतं, फक्त तिच्या खुर्चीवर आता मी बसत होते.

"आई जाताना काय म्हणाली होती, आठवतंय ना?" मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं.

एरवी एवढ्यावर तो गप्प व्हायचा. बाहेरगावची नोकरी सोडली ती या वाक्यावर. मित्रांबरोबर डोंगरात जायचं रद्द केलं ते या वाक्यावर. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज चढला.

"'पोरांना सांभाळा.' आठवतंय! तू विसरू देशील तर ना! पण सांभाळा म्हणाली ती, डांबून ठेवा नाही म्हणाली. आणि तू तरी कुठे ऐकलंस? तुझ्या कानांनी ऐकलंस का?"

दार आपटून तो निघून गेला. कपाटातल्या फ्रेमा बराच वेळ थरथरत राहिल्या.

मी ऐकलं नव्हतं हे खरंच होतं. आम्हाला ते बाबांनी सांगितलं होतं.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा. नकाशे काढायला शिकत होते, पहिलं वर्ष संपत आलं होतं. धाकटा सहाचा. आई महिन्यातून एकदा आसपासच्या गावांतल्या शाळांमधे मुलांचे डोळे तपासायला जायची. आमची जुनी राखाडी गाडी होती. मागच्या सीटवर छोट्या फ्रेमांची पेटी आणि पुढच्या सीटवर गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता, त्याला ती माणसासारखा पट्टा बांधायची. म्हणायची, "हा पुढे लवंडला तर शेवटची ओळ कोण वाचणार?"

ती गाडी छान चालवायची. गाणी मात्र चुकीच्या शब्दांनी म्हणायची, आणि चूक दाखवली की म्हणायची, माझेच शब्द चांगले आहेत. रविवारी आम्ही चौघं उगाचच कुठेतरी जायचो. रस्त्यावरच्या पाट्या एक डोळा झाकून वाचायच्या, ज्याला आधी दिसेल त्यानं खिडकीशी बसायचं. बाबा दरवेळी हरायचे. त्यांना लांबचं दिसायचं नाही असं नाही, ते मुद्दाम हरायचे. हे मला फार उशिरा कळलं.

आणि लोकांचे चष्मे. कुठेही, कुणाचाही वाकडा चष्मा दिसला की आईचा हात शिवशिवायचा. बसच्या रांगेत, दवाखान्यात, एकदा तर चक्क माझ्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. "एक मिनिट हं," म्हणून ती समोरच्याच्या नाकावरून चष्मा काढूनच घ्यायची, दांड्या वाकवायची, फुंकर मारून परत बसवायची. मी लाजेनं जमिनीत जायची बाकी असायचे. लोक आधी दचकायचे, मग मान इकडेतिकडे हलवून बघायचे आणि हसायचे.

अशाच एका शाळेतून परत येताना, मोठ्या रस्त्यावरच्या वळणावर, समोरून येणाऱ्या विटांच्या ट्रकचं पुढचं टायर फुटलं. ट्रक आडवा आला. चूक कुणाचीच नव्हती. रागवायला कुणीतरी असतं तर बरं झालं असतं, असं बाबा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. वळणावरच्या पंक्चरवाल्यानं तिला पहिल्यांदा गाठलं होतं, शेवटपर्यंत तोच तिच्याजवळ होता. त्याला भेटून आल्यावर एक दिवस बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "ती बोलली होती. 'पोरांना सांभाळा' म्हणाली." बाबांचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला होता.

त्यानंतर मी नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि चष्म्याचं काम शिकले. घरात काही नियम आपोआप पडले. कुणीही कुठेही पोचलं की फोन करायचा. दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आलीच तर मागे बसायचं. दुपारी फोन वाजला की बाबा जागचे उठायचे नाहीत, आम्हीच घ्यायचा. ती बातमी दुपारी आली होती. आणि त्या वळणाचा रस्ता आम्ही टाकला. तिकडे जायचंच असलं तर पाऊण तास वळसा घालून जायचो, त्याचं कारण कुणी कुणाला विचारायचं नाही. बाबा चार वर्षांपूर्वी झोपेत गेले.

धाकट्याचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आधी राग होता. मनात म्हटलं, थांब, ज्यानं ऐकलंय त्याच्याच तोंडून ऐकून येते, मग बघू काय बोलतोस. दोन दिवसांनी दुकानाला कुलूप लावून मी बसमधे बसले. वळण जवळ आलं तसे डोळे मिटून घेतले, आणि बस थांबली तेव्हा उघडले.

वळण अगदी साधं होतं. एकवीस वर्षं मी मनात एक भयंकर जागा धरून बसले होते, आणि इथे दोन्ही बाजूंना गवत होतं, एक शेळी चरत होती. वळणाच्या कडेनं जुनी टायरं अर्धी गाडून ओळीनं लावली होती, पांढरा रंग दिलेली.

पंक्चरचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. आत एक म्हातारे काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. नाकावर जाड काचांचा चष्मा. मी जवळ गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"गाडी कुठेय?"

"गाडी नाही, काका. तुमच्याशी बोलायचं होतं. एकवीस वर्षांपूर्वी इथे अपघात झाला होता. राखाडी गाडी, विटांचा ट्रक."

त्यांचे हात पाण्यातच थांबले. मग ट्यूब बाजूला ठेवून त्यांनी हात फडक्याला पुसले, नंतरही पुसतच राहिले.

"चष्मेवाल्या बाई," ते म्हणाले. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः टायरांच्या चळतीवर बसले. "तुमचे वडील यायचे. सहा-सात वेळा आले असतील. इथेच बसायचे, मी बसलोय तिथे."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, बाबा एकदाच आले होते.

"त्यांनाच तुम्ही सांगितलंत ना, 'पोरांना सांभाळा' म्हणाली म्हणून? तेच मला ऐकायचंय. जसं घडलं तसं."

बाहेरून एक मालट्रक गेला, पत्रे थरथरले. ब्रेकचा बारीक आवाज आला तर काका अर्धे उठले, वाकून रस्ता पाहिला, परत बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मी आता किती दिवसांचा सोबती! खोटं घेऊन कशाला जाऊ? तसं काही त्या म्हणाल्या नव्हत्या."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आवाज ऐकून मी धावलो. दार चेपलं होतं. खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरला. शुद्धीवर होत्या. आधी विचारलं, 'ट्रकवाला कसा आहे?' मी म्हटलं, ठीक आहे. बसलाय कडेला. मग माझ्याकडे बघत राहिल्या. माझा चष्मा तेव्हा दोऱ्यानं बांधलेला होता. म्हणाल्या, 'तुमची डावी दांडी ढिली झालीय. कानामागे टोचत असेल.' मी म्हटलं, बाई, बोलू नका, दवाखान्याची गाडी येतेय. तर म्हणतात, 'पेटीत बारका स्क्रूड्रायव्हर आहे, बघा. दोन मिनिटांचं काम आहे.'"

काका थांबले.

"मग?"

"मग काही नाही. डोळे मिटले. मला वाटलं, दमल्यात."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता. मलाच आवरेना. पोट धरून हसले मी, त्या पत्र्याच्या खोलीत, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. एकवीस वर्षांत आई इतकी जवळ कधी आली नव्हती. तिचा तो हात, तो शिवशिवणारा, मला दिसलाच.

"हे मी त्यांच्या नवऱ्याला कसं सांगणार?" काका अजिजीनं म्हणत होते. "बायको गेलेला माणूस विचारतोय, शेवटी काय म्हणाली, आणि मी सांगू माझ्या चष्म्याचं? पहिल्यांदा म्हटलं, काही बोलल्या नाहीत. त्यांचा विश्वास बसेना. दर वेळी यायचे आणि तेच. अंगावर मांस राहिलं नव्हतं त्यांच्या. शेवटी मी म्हटलं, आठवलं, पोरांना सांभाळा म्हणाल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि परत कधी आले नाहीत. मला वाटलं, बरं झालं. चुकलं का माझं?"

"त्या वाक्यावर मी एकवीस वर्षं काढली, काका." एवढंच म्हणाले. आवाजात राग होताच. माळ्यावरचे नकाशे आठवत होते. पण वाक्य नसतं तरी धाकटा सहा वर्षांचाच असता, आणि कुणीतरी त्याची वेणी नाही तरी भांग पाडून त्याला शाळेत धाडावंच लागलं असतं. ते मीच केलं असतं. फक्त आईच्या नावावर केलं नसतं.

निघताना त्यांनी दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवलेली पहार दाखवली. "त्या दिवशीही ही इथेच होती. मला सुचलीच नाही. पाच मिनिटं मी हातानं दार ओढत होतो." आता पहारीशेजारी घोंगडी, पट्टा कापायचा सुरा आणि औषधाची पेटी होती. त्यांनी पुढे चार माणसं बाहेर काढली, चारही जगली. कडेची टायरंही त्यांनीच गाडली, दरवर्षी रंग देतात. "तरी आवाज आला की आधी त्या बाईच आठवतात," ते म्हणाले.

मी त्यांचे हात धरले. बाबांनी धरले तसेच धरले असणार. "दार उघडलं असतं तरी ती वाचली नसती, काका. डॉक्टरांनी सांगितलं होतं आम्हाला." हे मात्र खरं होतं. हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

संध्याकाळी धाकटा दुकानात आला तेव्हा माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवूनच आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मला तीनदा सांगायला लावलं. 'दोन मिनिटांचं काम आहे' याला प्रत्येक वेळी हसला. मग पडदा सारून अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. मी थोड्या वेळानं आत गेले तर तपासणीच्या उंच खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला, लहानपणी बसायचा तसा.

"म्हणजे आई घाबरली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"मला कायम वाटायचं, माझ्या काळजीत गेली. त्या दिवशी सकाळी मी तिला सोडत नव्हतो, ताई. साडी धरून ठेवली होती. मला वाटायचं, शेवटपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर तेच असणार."

एकवीस वर्षं तो हे घेऊन फिरत होता, आणि मी दर भांडणात तेच वाक्य त्याच्या अंगावर फेकत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "केस विस्कटतील." मी म्हटलं, "आहेत किती!"

दोन महिन्यांनी त्यानं गाडी घेतली. जुनीच, निळी. पहिला महिनाभर मी तिच्याकडे पाहिलंही नाही, येता-जाता वळसा घालून जायचे. तो पोचला की फोन करायचा, आणि मी काही विचारायच्या आत म्हणायचा, "पोचलो, हातपाय जागेवर आहेत."

मग एका रविवारी मी आपणहून खाली उतरले. गाडीचं मागचं दार उघडायला गेले, तर तिथे त्याच्या सामानाचा ढीग. मुद्दाम ठेवला होता की काय, अजून कबूल करत नाही. पुढे बसले. पट्टा लावला, ओढून पाहिला, परत ओढून पाहिला. त्यानं गाडी सुरू केली आणि आम्ही हळूहळू गल्लीच्या तोंडाशी आलो. समोरून एक सायकलवाला आला तसा माझा उजवा पाय जोरात खाली दाबला गेला.

"ताई," तो म्हणाला, "तिकडे ब्रेक नसतो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि पाय तसाच दाबून ठेवला.