लांब पांढरी खाच

थोरलीच्या पोटात त्या सकाळी जे दुखलं, त्यावर कुठल्याही दुकानात गोळी मिळत नाही. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहज म्हणाले, "कॉम्प्युटरचा नवीन बोर्ड कुठला घ्यायचा ते धाकटीला ठरवू दे. तिला त्यातलं कळतं."

एवढंच. ना राग, ना टोमणा. पण मागच्या अंगाची भरतकामाची खोली चौदा वर्षं थोरलीने सांभाळली होती. बारा सुयांचं मशीन आणि त्याला नक्षी पुरवणारा म्हातारा कॉम्प्युटर, दोघांचे रुसवेफुगवे तिनेच काढले होते. आता कॉम्प्युटर दिवसातून सहादा मान टाकत होता, शाळेच्या गणवेशांचे चारशे बिल्ले सोमवारी द्यायचे होते, आणि ठरवणार कोण, तर लग्न होऊन आठ महिने झालेली जाऊ. का, तर ती कचेरीत कॉम्प्युटरपुढे बसते. बसते तर मांजरही.

धाकटीने काम मन लावून केलं, हे थोरलीला नाकारता येईना, म्हणून तर जास्त लागलं. दोन संध्याकाळी तिने कागदावर काय काय लिहिलं, दुकानदाराला तीनदा फोन केला, आणि जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं.

"बोर्डावर चिपसेट असतो. तो म्हणजे घरातला कारभारी. प्रोसेसर कुठला चालेल, मेमरी किती लागेल, कुणाला कुठे जागा द्यायची, सगळं तो ठरवतो. कारभारी चांगला तर घर चांगलं."

"आमच्या घरात कारभारी कोण, ते कळलं म्हणायचं आता," थोरली म्हणाली. तिचा नवरा हसला. सासरे मात्र मान डोलावून, "वा, काय समजावून सांगते पोरगी," म्हणाले.

जेवणानंतर धाकटी फोन घेऊन भरतकामाच्या खोलीत आली.

"ताई, हा घेऊ म्हणते. सगळ्यात नवा चिपसेट आहे. तुम्ही एकदा नजर टाका ना."

थोरलीने नजर टाकली आणि तिथेच थबकली.

मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक हिरवं कार्ड होतं. तो त्या दोघांचा दुभाषी. तो नसेल तर कॉम्प्युटर काय म्हणतो ते मशीनला कळत नाही. हे कार्ड बोर्डावरच्या एका लांब पांढऱ्या खाचेत बसायचं. पावसाळी हवेत त्याचे पितळी दात काळे पडले, की थोरली ते उपसून खोडरबराने घासायची आणि पुन्हा दाबून बसवायची. ती खाच तिला डोळे मिटूनही सापडायची. फोनवरच्या बोर्डाला ती खाचच नव्हती. आखूड काळ्या खाचा होत्या चार.

धाकटीने हा कॉम्प्युटर कधी उघडून पाहिलाच नव्हता. कचेरीतल्या कॉम्प्युटरला असं कार्ड लागत नाही, मग तिच्या ध्यानात तरी कुठून यावं?

"बरा दिसतोय," थोरली म्हणाली.

त्या दोन शब्दांवर ती दोन दिवस जगली. मत्सराची हीच तर मोठी लबाडी, बाबांनो, सुरुवातीला तो गुळासारखा लागतो. पीठ मळताना ती पुढचं चित्र बघायची. बोर्ड येणार, कार्ड बसणार नाही, सासऱ्यांचा चेहरा उतरणार, आणि मग सगळे तिच्याकडे वळणार. ती म्हणणार, मला कुणी विचारलंच नाही. नवऱ्यानेही विचारलं, "स्वारी खुशीत दिसते आज?" तर म्हणाली, "का, माणसाने खूश राहू नये?"

तिसऱ्या दिवशी दुपारी खोकं आलं. त्याच्या तोंडावर चंदेरी पट्टी होती. ती फाटली की दुकानदार माल परत घेत नाही, हे धाकटीनेच वाचून दाखवलं. हातात ब्लेड घेऊन ती म्हणाली, "ताई, जुनं कार्ड तुम्ही काढा. मला त्याला हात लावायचा धीर होत नाही. तुमच्या हाताची सवय आहे त्याला."

थोरलीने कॉम्प्युटरची पेटी उघडली, स्क्रू काढला, कार्ड अलगद वर उचललं. तळहातावर ते नेहमीसारखंच हलकं लागलं. आणि तेव्हा तिला दिसलं, की पट्टी फाटली तर धाकटी तोंडावर पडेल ती एक दिवस. पण हे कार्ड कपाटात जाईल, मशीनवर चादर पडेल, आणि सोमवारी शाळेला तोंड दाखवायला जाईल ती थोरलीच. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलंच नाक कापायला ती निघाली होती.

"थांब," ती म्हणाली. "फाडू नकोस. हे कार्ड त्यात बसणार नाही. त्याला ही खाच लागते."

धाकटीने जुन्या बोर्डाकडे पाहिलं, खोक्यावरच्या चित्राकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. थोरलीच्या ओठांवर आलंही होतं.

"परवाच. तू फोन दाखवलास तेव्हा."

"म्हणजे माझी फजिती बघायला बसला होतात."

"हो."

धाकटीने ब्लेड खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "कार्ड घ्या बरोबर. दुकानात जाऊ."

दुकानदाराने न फाडलेलं खोकं निमूट परत घेतलं आणि वरच्या फळीवरून दुसरं काढलं.

"वहिनी, हा चिपसेट तीन वर्षांचा जुना. मिरवण्यासारखा नाही. पण त्याच्या सगळ्या खोडी निघून गेल्यात, आणि तुमच्या जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर यावर मुकाट चालतं. नव्यावर ते चाललंच नसतं."

थोरलीने कार्ड खाचेत दाबलं. टक् आवाज झाला. मेमरी कुठली, प्रोसेसर कुठला जमेल, हे धाकटीने विचारलं. तिने असे काही प्रश्न विचारले, की थोरलीला त्यांतला एकही सुचला नसता. हेही लागलंच तिला.

संध्याकाळी मशीनच्या बाराही सुया चालू झाल्या. पहिला बिल्ला उमटला, कडा स्वच्छ, एक टाका चुकला नव्हता. सासरे दारात येऊन उभे राहिले.

"म्हटलं नव्हतं? धाकटीला कळतं."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. खाच कुणी ओळखली, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. धाकटीनेही तिच्याकडे पाहिलं, नीट, सावकाश, आणि काही बोलली नाही. सासरे निघून गेले.

पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं. पण धाकटीच्या या गप्प बसण्याला नावं ठेवायला थोरलीकडे जागा नव्हती. तिने पहिला बिल्ला सोडवला, दुसरं कापड चौकटीत ताणलं.

"निळा दोरा दे," ती म्हणाली.

धाकटीने रीळ दिलं, आणि स्टूल ओढून शेजारी बसली.