दुसऱ्या यंत्राच्या मापाचं

टेकडीवरचा दिवा बंद पडला आणि आमच्या बेटावरच्या चुली थंड व्हायला लागल्या. दिव्याचा नि चुलीचा काय संबंध, असं परक्या माणसाला वाटेल. पण होता. टेकडीवर हिरवा दिवा दिसला तरच बोट पाण्यात घालायची, लाल असेल तर नाही आणि काहीच नसेल तरी नाही, हा मच्छीमार समितीचा कायदा. म्वेरा वारा दक्षिणेकडून सुटला की सरोवर सरोवर राहत नाही. एका वर्षी त्यानं एवढी माणसं गिळली की खांदा द्यायला माणसं पुरेनात. त्यानंतर हा कायदा झाला. जो मोडेल त्याचं जाळं जप्त, मग तो चेअरमनचा जावई का असेना.

दिवा लावायचं काम कॉम्प्युटर करायचा. दूर दक्षिणेला एका खडकावर वाऱ्याचा खांब होता. तो रेडिओवरून आकडे पाठवायचा, आणि टेकडीवरच्या खोलीतला प्रोग्रॅम ते आकडे उलगडून दिव्याचा रंग ठरवायचा. बाहेरचे लोक आले, हे सगळं बसवलं, फोटो काढले आणि गेले. मागे उरली लुसुंगू. म्झुझू शहरातल्या कॉलेजात शिकून ती बेटावर परत आली होती. असला वेडेपणा तिच्याआधी कुणी केला नव्हता. खोलीची किल्ली तिच्याकडे, आणि यंत्र शिंकलं तरी अख्ख्या बेटाची बोलणी खायचा मानही तिचाच.

त्या वर्षी नेमका म्वेराच्या तोंडावर कॉम्प्युटर मेला. साधा बिघाड नव्हे, आतली डिस्कच गेली. दवाखान्याच्या कोठारात एक जुनाट कॉम्प्युटर पडून होता, तो लुसुंगूनं झाडून पुसून वर नेला. प्रोग्रॅमची नक्कल तिनं जपून ठेवली होती. आता सुटलो, असं तिला वाटलं. पण घोडं पुढेच अडलं. हा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला. म्हणजे पायथन नावाचा एक मध्यस्थ लिहिलेलं वाचतो आणि यंत्राकडून करवून घेतो. मध्यस्थ त्या जुन्या कॉम्प्युटरवर होता. पण त्याच्या हाताशी लागणारी पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेली हत्यारं, ती नव्हती. ती इंटरनेटवरून उतरवायची असतात. आणि बेटावरचा टॉवर वीज पडल्यापासून मुका होता.

तेव्हा आमचं इंटरनेट म्हणजे आठवड्याचं जहाज. लुसुंगूनं पॅकेजांची नावं एका कागदावर लिहिली आणि जहाजाच्या कारकुनाबरोबर म्झुझूला आतेभावाकडे पाठवली. हा वेझी कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. गुणी पोरगं, नकार कधी द्यायचं नाही. पुढच्या जहाजानं पेनड्राइव्ह आला, वर चिठ्ठी, "ताई, सगळं एकदम ताजं ताजं उतरवलंय. मजा कर."

पेनड्राइव्ह आल्याची बातमी तिच्याआधी टेकडीवर पोचली होती. ती वर गेली तर चेअरमन लोंग्वे खुर्ची अडवून बसलेले, आणि दारात बायामाणसांची ही गर्दी. तिनं हुकूम दिला. यंत्रानं जरा विचार केला आणि इंग्रजीत एक ओळ टाकली.

"काय म्हणतंय?" चेअरमननी विचारलं.

"म्हणतंय, हे चाक या फलाटावर चालत नाही."

"चाक?" चेअरमन भडकले. "अख्ख्या बेटावर एक हातगाडी आहे, तिचंही चाक मोडलंय. फलाट तर मी जन्मात पाहिला नाही. हे यंत्र शुद्धीवर आहे ना?"

बाया फिदीफिदी हसल्या. लुसुंगूही हसली, मग तिनं ती ओळ पुन्हा वाचली. बांधून तयार केलेल्या पॅकेजला त्या धंद्यात चाक म्हणतात, यंत्र नि त्यावरचा पायथन म्हणजे त्याचा फलाट, आणि ज्या फलाटासाठी चाक बांधलं त्यालाच ते बसतं. काय झालं ते तिला कळलं. वेझीनं पॅकेजं स्वतःच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर उतरवली. लॅपटॉपनं आपला पायथन कुठला ते पाहिलं आणि त्याच्याच मापाची आणली. स्वतःचा पाय मोजून दुसऱ्यासाठी चपला घेतल्यासारखं झालं. ज्यांच्या घरात इंटरनेट आहे त्यांच्या हातून ही चूक व्हायचीच नाही, कारण त्यांचं यंत्र स्वतःच बाजारात जातं. आमच्याकडे बाजाराला जाणारा वेगळा नि चपला घालणारा वेगळा.

पोरानं हुशारीनं नवा पायथनही पेनड्राइव्हवर घातला होता. तिनं तोच बसवून पाहिला. नव्या पायथननं जुनं विंडोज पाहिलं आणि आत पाऊल ठेवायलाच तयार होईना. जुन्या पायथनला नवी पॅकेजं चालेनात, नव्या पायथनला जुनं यंत्र चालेना. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग यंत्रच पाठव की म्झुझूला," कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" चेअरमन उठलेच. "दवाखान्याचा फ्रीज दुरुस्तीला गेला, आला का? गिरणीचं इंजिन गेलं, आलं का? या बेटावरून यंत्र खाली उतरणार नाही. मी मेलो तरी नाही."

फ्रीज खरंच आला नव्हता.

लुसुंगूनं दुसरा कागद लिहिला. या वेळी पायथनचं व्हर्जन मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. जहाज गेलं, जहाज आलं. मधल्या दिवसांत लोक कसाव्याचे उकडलेले कंद मिठाशी खात होते. मासे वाळवायच्या मांडवांवर पोरं झोके घेत होती, कारण तिथे वाळवायला काही नव्हतंच. किनाऱ्यालगत गळ टाकून मिळणाऱ्या चिमूटभर मासळीवरून भांडणं व्हायला लागली.

दुसऱ्या पेनड्राइव्हच्या वेळी तिनं दार लावून घेतलं. पहिलं पॅकेज बसलं. दुसरं बसलं. तिसरं बसलं तशी ती उठून उभीच राहिली. चौथं बसलं. पाचवं म्हणजे आकडेमोडीचं, ज्याच्यावर सगळा प्रोग्रॅम उभा. तिनं हुकूम दिला, आणि तीच ओळ आली. हे चाक या फलाटावर चालत नाही.

व्हर्जन बरोबर होतं. तिनं तीनतीनदा पाहिलं. मग लक्षात आलं, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. हे जुनं यंत्र बत्तीस बिटचं, पॅकेज चौसष्ट बिटचं. आधीच्या चौघांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, याला होतं. कागदावर तिनं व्हर्जन लिहिलं, बिट लिहिले नाहीत. दोष कुणाला द्यायचा? वेझीला? त्यानं सांगितलं ते केलं. ती जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन तिसरा कागद लिहिला.

तिसरं जहाज आलंच नाही. त्याचं इंजिन बिघडलं, ते गोदीत गेलं, आणि कधी निघेल ते गोदीलाही माहीत नव्हतं.

तेव्हा तिच्याकडे जोसाया मामा आले. तिच्या आईचे सख्खे भाऊ, आणि आमच्यात मामाचा शब्द बापाच्या वर. जन्म पाण्यावर काढलेला माणूस. टेकडी चढून आले ते धापा टाकत दारातच बसले.

"पोरी, दिव्याला मागून खटका आहे ना?"

"आहे. पण मी लावणार नाही, मामा. मला वाऱ्यातलं काय कळतं?"

"तुला नाही कळत. मला कळतं. तुझं हे डबडं यायच्या आधी ही माणसं कुणाला विचारून पाण्यात जायची? मलाच ना?"

"मग आता तुम्हीच सांगा त्यांना! समितीत उभं राहून सांगा."

"सांगितलं. हसले. म्हणाले, मामा, तुमचा गुडघा दुखला की म्वेरा येतो, हे आमच्या आजोबांना पटायचं." मामांनी कसनुसं तोंड केलं. "माझ्या तोंडचं त्यांना पटत नाही, दिव्याचं पटतं. योना नि एलूबीच्या लेकराचं पोट बघितलंस? नुसत्या कसाव्यानं नगाऱ्यासारखं फुगलंय. मी रोज संध्याकाळी वर येईन. वारा हुंगेन. मी म्हणेन तो रंग तू लाव. पाप माझ्या माथी."

पाप असं एकाच्या माथी राहतं थोडंच! पण लुसुंगूनंही ते पोट पाहिलं होतं. तिनं खटका दाबला.

खाली किनाऱ्यावर जो गलका झाला तो टेकडीवर ऐकू आला. "यंत्र बरं झालं! यंत्र बरं झालं!" सकाळी बोटी भरभरून उसिपाची बारीक मासळी घेऊन आल्या, मांडव चांदीसारखे चमकले, आणि चेअरमननी स्वतः परातभर मासळी वर पाठवली. मामा रोज संध्याकाळी यायचे, तोंड वर करून वारा हुंगायचे, हिरवा म्हणायचे किंवा लाल, आणि खाली उतरून स्वतःची बोट ढकलायचे. एकदाही चुकले नाहीत. "पूर्वीपेक्षा बरं चालतंय हो यंत्र," लोक म्हणायचे, आणि मामा मिशीत हसायचे. फक्त एक गोष्ट मामा करू शकत नव्हते. बोटी गेल्यावर वारा फिरला तर पूर्वी खडकावरचा खांब ते आधीच ओळखायचा आणि दिवा आपोआप लाल व्हायचा. ते काम आता लुसुंगूचं होतं. बोटी परतेपर्यंत ती घोंगडी पांघरून बाहेर बसायची, कानात प्राण आणून.

त्या संध्याकाळी मात्र ती आत होती. दुसऱ्या पेनड्राइव्हच्या तळाशी तिला वेझीनं घातलेलं एक वेगळंच गाठोडं सापडलं होतं, त्याच आकडेमोडीच्या पॅकेजचा कच्चा माल. बांधलेलं चाक नव्हे, तर लाकूड आणि खिळे. यंत्रावरच बांधून घ्यायचं, मग माप चुकायचा प्रश्नच नाही. बांधायची हत्यारंही त्यानं बरोबर दिली होती. मामा हिरवा सांगून उतरले, बोटी गेल्या, आणि लुसुंगू म्हणाली, थोडा वेळ बघते.

ओळीमागून ओळ पडद्यावर सरकू लागली. कुठेही अडलं नाही. अर्धं झालं, तरी अडलं नाही. हे जमलं तर उद्यापासून हा खोटा खेळ बंद, मामांना टेकडी चढायला नको, तिला रात्रभर घोंगडीत जागायला नको. ती पडद्याकडे बघत राहिली. खोली टेकडीच्या उत्तर अंगाला, म्वेराला पाठ करून. दार लोटलेलं. यंत्राचा पंखा घूंऽऽ करत होता.

छपराचा पत्रा उचलून आपटला तेव्हा ती भानावर आली. पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग पडला होता. शेवटच्या पायरीला कुठलीशी फाइल नव्या व्हर्जनची निघाली नि बांधणी फसली होती. तिनं ते वाचलंही नाही. धावत जाऊन दिवा लाल केला आणि अंधारात दक्षिणेकडे बघत उभी राहिली. खाली सरोवर गुरगुरत होतं.

सकाळी मामांची बोट आली. आणखी काही आल्या. योना आणि त्याचा भाऊ ज्या बोटीत होते ती आली नाही. मामा वाळूत बसले होते, कुणीतरी अंगावर चितेंजेचं कापड टाकलं होतं, आणि त्यांचे दात वाजत होते. लुसुंगू समोर गुडघ्यांवर बसली.

"मामा, मी आत होते. मी उशिरा..."

"गप," मामा म्हणाले. "मला आधीच कळलं होतं. पाणी जड झालं. मी बोट वळवली, योनाच्या बोटीपाशी गेलो. म्हटलं, चल, म्वेरा येतोय. तो टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला, मामा, दिवा हिरवा आहे. म्हटलं, अरे गाढवा, तो दिवा मीच लावलाय! यंत्र मेलंय, तो रंग माझ्या तोंडचा आहे!" मामांनी वाळूत मूठ आपटली. "हसला गं पोरगा. म्हणाला, तुम्ही थकलात मामा, घरी जा. यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

संध्याकाळपर्यंत बोटीचं फळकूट मिळालं. लुसुंगू एलूबीच्या अंगणात गेली. आत बाया रडत होत्या. एलूबी बाहेर भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी, मूल मांडीवर झोपलेलं. लुसुंगूला बघून तिनं सरकून जागा केली.

"नंतर लाल झाला होता ना गं दिवा? मी पाहिला. यांचं लक्ष नसेल. माशांच्या मागे लागले की काही बघायचे नाहीत."

"वहिनी, यंत्र बंदच आहे." लुसुंगू म्हणाली. "पहिल्यापासून बंद आहे. ते मला दुरुस्त करता आलं नाही. हिरवा मी हातानं लावायचे."

एलूबीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं, लहान मुलाची समजूत घालावी तसा, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असं मनाला लावून घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "यंत्र बंद असतं तर मी यांना जाऊ दिलं असतं का?"