वरचा थर

फोटोफ्रेमच्या दुकानात काचा कापणं तिचं काम. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं नवऱ्याचं. गर्भाशय काढून सहा वर्षं झाली होती. त्यामुळे पुन्हा रक्ताचा डाग दिसला तेव्हा तो हसला. "घरच पाडलंय, आता गळणार कुठून?"

ती एकटीच दाखवून आली. डॉक्टरीणबाईंनी योनीच्या वरच्या टोकाचा, जुन्या टाक्यांजवळचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं तर होऊ शकला असता.

"लेझरनं फक्त वरचा पातळ थर जाळायचा. पुन्हा उगवू शकतं, म्हणून तपासणी चुकवायची नाही."

"पण झालं कशानं?"

"बहुतेकदा एका विषाणूनं. शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो."

तिच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता. त्याचे लग्नाआधीचे पराक्रम मात्र तो मित्रांत बसला की स्वतःच तिखटमीठ लावून सांगायचा.

लेझर झाल्यावर बाईंनी त्याला आत बोलावलं. बायको भुलीतून उठली का, हे त्यानं विचारलं नाही. "मला काही होणार नाही ना?"

"विषाणू तुमच्याकडूनच आलेला असू शकतो. कधी, कसा, ते आता सांगता येत नाही. यात दोष कुणाचाच नाही. फक्त त्यांना एकटं पाडू नका."

तो समजूतदारपणे मान डोलवत राहिला.

घरी येऊन पाहते तर तिची गादी दुकानामागच्या खोलीत, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याशेजारी टाकलेली. ती पडली. भिंतीपलीकडे तो मुलीला सांगत होता, "बाहेरून आणलेलं दुखणं आहे, असं डॉक्टरच म्हणाल्या. मी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

मुलगी ताट उंबऱ्यावर ठेवून निघाली. आईनं तिला थांबवलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

"बाबांवर ढकलू नकोस."

"मग त्यांनाच विचार, माझ्यासमोर."

मुलीनं विचारलं. तो एक फ्रेम पुसत होता. काचेवर फुंकर मारून म्हणाला, "ते तुझ्या आईलाच ठाऊक."

पुढच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. बाईंनी मुलीला या विषाणूची लस द्यायला सुचवलं होतं. आईनं तसं सांगितलं तेव्हा मुलीनं मोबाइलवरून नजरही उचलली नाही.

"तुझी घाण माझ्या अंगाला लावू नकोस."

संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दारात आला. "रिपोर्ट चांगला आलाय म्हणे. मग गादी आत आण की."

तिनं दार लोटून कडी घातली.

"बघ," बाहेर तो मुलीला म्हणाला, "मी एवढं पोटात घातलं, तरी हिचा तोरा."

"जाऊ द्या, बाबा. तुम्ही जेवून घ्या."